चिमटेकिडा : भुईमुगाचा वैरी कीं मक्याचा राखणदार ?

पावसाळा अर्धा सरला व भुईमुगाला शेंगा धरूं लागल्या म्हणजे एखादा वेल उपटून पाहण्याची संवय बहुतेक सर्व शेतकऱ्यांस असते. अशा वेळीं मुळाशीं हललेल्या मातींतून कधीं कधीं एक काळसर, लांबट, चपळ किडा सुळकन् बाहेर येतो. त्याच्या मागल्या टोंकाशीं लहानसा चिमटा असतो व तो उगारून किडा ढेंकळाआड पळूं पाहतो. जवळच्याच शेंगेला भोंक दिसतें. शेतकरी तेथल्या तेथें निवाडा करून मोकळा होतो : भोंक पाडणारा चोर हाच ! आठ दिवसांनीं तोच शेतकरी मक्यांत शिरतो, पोंगा उकलून पाहतो, तों तेथेंही चिमटा उगारलेला तसाच किडा. आतां संशयास जागाच उरत नाहीं. दुकानांतून औषध आणावयाचें व दोन्ही पिकांस द्यावयाचें, असें ठरतें.

हा निवाडा पुष्कळदां चुकतो, व तो चुकला म्हणजे शेतकऱ्याचें दुहेरी नुकसान होतें. औषधाचे पैसे जातात हें एक. आणि पोंग्यांत बसून अळीचीं अंडीं व लहान अळ्या फुकट खाणारा राखणदार मरतो हें दुसरें. उलट, चिमटा असलेला प्रत्येक किडा मित्रच, असें कोठें तरी वाचून जो शेतकरी स्वस्थ बसतो, त्याच्या भुईमुगाच्या कोंवळ्या शेंगा आंतून पोकळ होण्याचाही संभव असतो. म्हणून, एकसारख्या दिसणाऱ्या या किड्यांच्या जाती कशा ओळखाव्या, त्यांचें वर्गीकरण कसें करतात, आणि त्यावरून शेतांत काय करावें व काय करूं नये, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नांव आणि कूळ

या लेखापुरतें आम्ही या किड्यास ‘चिमटेकिडा’ असें म्हणूं. इंग्रजींत यास ‘इअरविग’ म्हणतात. त्या नांवांत कानाचा उल्लेख आहे, कारण हा किडा निजलेल्या माणसाच्या कानांत शिरतो अशी युरोपांत जुनी समजूत होती. ती समजूत निराधार आहे. या किड्यास अंधारी व ओलसर फट आवडते, इतकेंच. माणसाचा कान कांहीं त्याचें घर नव्हे. त्याच्या चिमट्यांत विषही नसतें. मोठ्या किड्यानें बोटास चिमटा घेतला तर किंचित् टोंचल्यासारखें वाटतें, याहून अधिक भय बाळगण्याचें कारण नाहीं.

शास्त्रज्ञांनीं या सर्व किड्यांचा एक स्वतंत्र गण मानिला असून त्यास ‘डर्माप्टेरा’, म्हणजे कातड्यासारखे पंख असणारा, असें नांव दिलें आहे. जगांत या गणाच्या सुमारें २००० जाती ज्ञात आहेत. आपल्या देशांतील जातींचें पहिलें मोठें पुस्तक माल्कम बर या इंग्रज पंडितानें १९१० सालीं प्रसिद्ध केलें. पुढें भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतील जी. के. श्रीवास्तव यांनीं १९८८ पासून हें काम नव्यानें हातीं घेऊन भागशः प्रसिद्ध केलें.

या गणाचीं लक्षणें तीन. पहिलें, शरीराच्या मागल्या टोंकाशीं दोन कठीण फांट्यांचा चिमटा. दुसरें, पुढले पंख अगदीं आंखूड, चामड्यासारखे व शिरा नसलेले. त्यांच्या खालीं मागले पंख पंख्याप्रमाणें अनेक घड्या घालून दडविलेले. हे मागले पंख उलगडले म्हणजे घडीच्या दसपटीहूनही अधिक जागा व्यापतात, आणि ते पुन्हां तेवढ्याच जागेंत बसतात, हें एक नवलच आहे. पुष्कळ जातींत मात्र पंख मुळींच नसतात. तिसरें लक्षण म्हणजे चावून खाण्याजोगे जबडे. हा किडा रस शोषणारा नव्हे, तो कुरतडतो. त्यामुळें पानांवर चिकटा पडला असेल किंवा पानें आंकसलीं असतील तर तें काम याचें नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

आधीं तोतये वेगळे करावे

जातीच्या विचारास लागण्यापूर्वीं, हातांत आलेला प्राणी खरोखरच चिमटेकिडा आहे काय, हें पाहणें अवश्य आहे. शेतांत त्याचे तीन तोतये आढळतात.

पहिला तोतया म्हणजे आंखूड पंखांचा भुंगेरा. याचेही पुढले पंख तोकडे असून पोट उघडें दिसतें, व डिवचला असतां तो विंचवासारखें शेपूट वर करतो. परंतु त्याच्या शेपटास चिमटा नसतो. हा भुंगेराही बहुधा दुसरे बारीक किडे खाणाराच असतो, म्हणून तो मारण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोम. तिच्या मागल्या टोंकाशीं दोन लांब पाय मागें पसरलेले असतात, ते घाईंत चिमट्यासारखे भासतात. पाय मोजले कीं संशय फिटतो. चिमटेकिड्यास सहाच पाय असतात.

तिसरा तोतया फसविणारा आहे. ओलसर जमिनींत दगडाखालीं एक फिकट, नाजूक किडा असतो. त्यासही सहा पाय व मागें खरोखरचा चिमटा असतो. यास शास्त्रांत ‘जॅपिक्स’ म्हणतात. भिंगांतून त्याचें डोकें पाहावें. त्यास डोळे मुळींच नसतात. चिमटेकिड्यास डोक्याच्या दोन्ही बाजूंस काळे डोळे स्पष्ट दिसतात. जॅपिक्स पिकाची हानि करीत नाहीं.

नर, मादी व पिल्लें

चिमटेकिड्यांच्या ओळखींत सर्वांत मोठा घोंटाळा होतो तो जातीजातींत नव्हे, तर एकाच जातीच्या नरांत, मादींत व पिल्लांत. एका वेलाखालीं तीन आकारांचे किडे सांपडले म्हणजे तीन जाती झाल्या असें समजणें चूक होय.

नराच्या चिमट्याचे फांटे बहुधा वांकलेले, कमानदार किंवा दांतेरी असतात. मादीचे फांटे सरळ, एकमेकांस लागून व साधे असतात. चिमट्यावरून मन भरत नसेल तर पोटाचीं वलयें वरच्या बाजूनें मोजावीं. नरास दहा दिसतात, मादीस आठ.

पिल्लांची गोष्ट याहून नाजूक आहे. या किड्यांत कोषावस्था नाहीं. अंड्यांतून निघालेलें पिल्लूं आईच्याच आकाराचें, पण लहान व फिकट असतें, आणि साधारणतः चार ते सहा वेळां कात टाकून तें मोठें होतें. दर कातीगणिक त्याच्या मिशीचे मणी वाढत जातात. नुकतीच कात टाकलेला किडा तर पांढराशुभ्र दिसतो. पुष्कळ लोक ती निराळीच जात मानतात. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पंख असणाऱ्या जातींचीं पिल्लेंही बिनपंखांचीं असतात. त्यामुळें अळ्या खाणाऱ्या मोठ्या चिमटेकिड्याचें पिल्लूं, आणि शेंगा पोंखरणारा बिनपंखी प्रौढ किडा, हे दोघे वरवर पाहणारास एकच वाटतात. पिल्लांचें शरीर मऊ व चिमटा बारीक, सरळ असतो. वाढत्या पिल्लाच्या पाठीवर पंखांचे अंकुर दिसूं लागतात. शंका राहिल्यास पिल्लावरून जात ठरवूं नये. त्याच जागीं प्रौढ किडा शोधावा.

पावलाचा मधला मणी

आतां वर्गीकरणाची किल्ली सांगतों. दसपट मोठें दाखविणारें भिंग हाताशीं असलें म्हणजे पुरे. किड्याच्या पायाचा अगदीं शेवटचा भाग, ज्यास आपण पाऊल म्हणूं, तो तीन मण्यांचा असतो. त्यांतील मधला मणी पाहावा.

हा मधला मणी चपटा होऊन दोन्ही बाजूंस पसरलेला, बदामाच्या पानासारखा दिसला, तर किडा ‘फॉर्फिक्युला’च्या घराण्यांतला. तो पसरट नसून त्याची एक अरुंद जीभ तिसऱ्या मण्याच्या खालून पुढें आलेली दिसली, तर तो ‘केलिसोकीस’च्या घराण्यांतला. आणि मधला मणी साधा, नळीसारखा असला, तर तो ‘लॅबिड्युरा’ किंवा ‘युबोरेलिया’ यांच्या घराण्यांतला समजावा. रंग उन्हापाण्यानें, वयानें व कातीनें बदलतो. पावलाचा मणी बदलत नाहीं. म्हणून रंगाआधीं पाऊल पाहण्याची शिस्त लावून घ्यावी.

शेतांत भेटणाऱ्या जाती

१. नदीकांठचा मोठा चिमटेकिडा, शास्त्रीय नांव लॅबिड्युरा रायपेरिया. पावलाचा मधला मणी साधा. लांबी दोन ते तीन सेंटिमीटर, म्हणजे इतरांहून ठळक मोठी. रंग पिंवळट तांबूस, पाठीवर गडद पट्टे. नराचे फांटे लांब असून आंतल्या कडेस मध्याच्या सुमारास दांत असतो. वाळूसर जमिनींत बीळ करून राहतो व रात्रीं शिकारीस निघतो. पकडला असतां घाण वास सोडतो. हा जवळजवळ पूर्णपणें मांसाहारी असून पानें खाणाऱ्या अळ्यांचा मोठा शत्रु आहे. यास मारूं नये.

२. काळा लहान चिमटेकिडा, नाला लिव्हिडिपीस. याचा मधला मणीही साधाच. परंतु हा पहिल्याहून पुष्कळ लहान, काळा व तुकतुकीत असतो आणि त्यास पंख असतात. हा लहान किड्यांची शिकार करतो, पण त्याच्या वागणुकीची दुसरी बाजू पुढें सांगितली आहे.

३. मक्याच्या पोंग्यांतला फॉर्फिक्युला. मधला मणी पसरट, पंख असलेला, रंग तपकिरी. अमेरिकन लष्करी अळी २०१८ सालीं प्रथम कर्नाटकांत व त्याच वर्षीं महाराष्ट्रांत आढळली. त्या वेळीं कर्नाटकांत तिच्या नैसर्गिक शत्रूंचा शोध घेतला असतां फॉर्फिक्युलाचीही नोंद झाली. या अळीच्या मूळ मुलुखांत, म्हणजे ब्राझील देशांत, याच घराण्यांतला ‘डोरू ल्युटिपीस’ हा किडा मक्याच्या पोंग्यांत राहतो, तेथेंच अंडीं घालतो व लष्करी अळीचीं अंडीं आणि लहान अळ्या फस्त करतो. पोंग्यांत औषध ओतण्यापूर्वीं आंत कोण बसला आहे हें पाहावें, असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं.

४. नारळाच्या शेंड्यांतला काळा चिमटेकिडा, केलिसोकीस मोरिओ. मधल्या मण्याची जीभ पुढें आलेली, अंग काळें कुळकुळीत. हा माडाच्या झांवळ्यांच्या बेचक्यांत राहतो व तेथील उपद्रवी किड्यांचीं अंडीं व लहान अळ्या खातो. माडाच्या बागाइतदारानें शेंडा साफ करतांना हा दिसल्यास हळूच बाजूस सारावा.

५. बिनपंखी काळे चिमटेकिडे, कुलनाम युबोरेलिया. मधला मणी साधा, अंग काळसर तपकिरी, पाय पिंवळट. जमिनींत, शेणखतांत, कुजक्या पाल्यांत व ढेंकळांखालीं यांची वस्ती. भुईमुगाचा प्रश्न उपस्थित होतो तो येथेंच.

दोन जुळे भाऊ

युबोरेलिया कुळांतील दोन जाती इतक्या सारख्या दिसतात कीं उघड्या डोळ्यांनीं त्या निवडणें कठीण. एकीचें नांव ‘ॲन्युलिपीस’, म्हणजे पायांत कडीं असलेली. हिचें वर्णन फ्रेंच पंडित ल्युकास यानें १८४७ सालीं केलें. दुसरी ‘स्टाली’. हिचें वर्णन जर्मन पंडित डोर्न यानें १८६४ सालीं केलें. जुन्या शेतकी पुस्तकांत दोहोंचेंही कुलनाम ‘ॲनिसोलेबिस’ असें छापलेलें आढळतें; त्यामुळें एकीचें वर्णन दुसरीस लागू करण्याची चूक सहज होते.

ॲन्युलिपीस ही साधारणतः १२ ते १६ मिलिमीटर लांब असते. पिंवळट पायांच्या मांडीवर गडद कडें असतें, व मिशीच्या टोंकाजवळचे कांहीं मणी पांढरे असतात. नराच्या चिमट्याचे फांटे विषम असून उजवा फांटा अधिक वांकलेला असतो. पंख तर नाहींतच, पण पंखांचा मागमूसही पाठीवर नसतो. स्टाली जातीचे पंखही उपयोगाचे नसतात. परंतु पाठीच्या दुसऱ्या वलयाच्या दोन्ही कडांस पुढल्या पंखांचे अवशेष म्हणून दोन बारीक झांपडें असतात. भिंगाखालीं उजेडांत किडा तिरपा धरून हीं झांपडें पाहावीं. कड्यांच्या व मिशांच्या रंगांत फरक पडतो, म्हणून केवळ त्यांवर विसंबून राहूं नये. झांपडें आहेत कीं नाहींत हीच मुख्य खूण. शेवटची खात्री नराच्या अंतरिंद्रियांवरून तज्ज्ञच करूं शकतो.

दक्षिण भारतांत भुईमुगाच्या शेंगा पोंखरणारा म्हणून जो चिमटेकिडा शेतकी खात्यांच्या यादींत नमूद आहे तो स्टाली. त्याचीं पिल्लें व प्रौढ किडे दोन्हीही कोंवळ्या शेंगेस भोंक पाडून आंतला दाणा खातात. ॲन्युलिपीस ही सर्वभक्षी. ब्राझीलांत ती कापसाच्या बोंडांतील सोंडकिड्याच्या अळ्या खाते म्हणून तिचा अभ्यास झाला आहे. पण बटाटे, कोंवळीं मुळें, साठविलेलें पीठ, क्वचित् भुईमुगाची शेंग, यांनाही ती तोंड लावते. आणि याच युबोरेलिया कुळांतले किडे फिलिपाइन्स बेटांत मुद्दाम वाढवून मक्याच्या खोडकिडीवर सोडतात ! एकाच कुळांतला किडा एका मुलुखांत चोर, तर दुसऱ्या मुलुखांत पगारी राखणदार. यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं नांव कळलें म्हणजे अर्धें काम झालें. तो तुमच्या शेतांत काय खात होता, हें पाहणें हें उरलेलें अर्धें.

परदेशांतील दोन धडे

ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत वर उल्लेखिलेला काळा नाला किडा पेरलेल्या ज्वारीचें, मक्याचें व सूर्यफुलाचें उगवतें बीं आणि कोंवळीं मुळें खातो. त्याच शेतांत लॅबिड्युरा ट्रंकाटा नांवाचा तेथला देशी चिमटेकिडा असतो, तो अळ्या खाणारा. दोघांच्याही शेपटाशीं चिमटा. म्हणून तेथें शेतकऱ्यास प्रथम डोक्यामागें नारिंगी त्रिकोण आहे काय तें पाहण्यास सांगतात. त्रिकोण दिसला तर किडा मित्र. अंग सर्वत्र काळें तुकतुकीत असेल तर मात्र पेरणीच्या वेळीं आमिष किंवा सरींतील औषध यांचा विचार. एका लहानशा खुणेनें केवढा खर्च वांचतो, हें उघड आहे.

दुसरा धडा खुद्द पंडितांस मिळालेला आहे. युरोपांतील सामान्य चिमटेकिड्यास स्वीडिश पंडित लिनीअस यानें १७५८ सालीं ‘फॉर्फिक्युला ऑरिक्युलेरिया’ असें नांव दिलें. हा किडा सफरचंदावरील लोंकरी मावा खातो म्हणून बागाइतदारांस प्रिय, आणि पिकलेलीं जर्दाळूसारखीं फळें कुरतडतो म्हणून अप्रिय. कांहीं ठिकाणीं तो वर्षांतून एकदां अंडीं घालतो, तर कांहीं ठिकाणीं दोनदां. याचें कारण हवामान असावें, असा समज होता. १९९८ सालीं आनुवंशिक द्रव्याची तपासणी केली तेव्हां दिसून आलें कीं हा एक किडा नसून दोन आहेत : एक एकदां अंडीं घालणारा, दुसरा दोनदां. पुढें २०२० सालीं आणखी बारीक तपासणी होऊन त्या एका नांवाखालून चार जाती वेगळ्या काढण्यांत आल्या. बागेंतील मशागत कोणत्या महिन्यांत केली असतां जमिनींतील घरटीं मोडतील, हें जात कोणती यावर अवलंबून. आणि ती जात तर अडीचशें वर्षें कोणास ठाऊकच नव्हती. मग आपण एका नजरेंत निवाडा करण्याची घाई कां करावी ?

शेंगेचा पंचनामा

भोंक पडलेल्या शेंगेजवळ चिमटेकिडा सांपडला म्हणजे भोंक त्यानेंच पाडलें, असें सिद्ध होत नाहीं. फोडलेल्या घरांत दुसऱ्या दिवशीं शेजारी उभा दिसला म्हणून तो चोर ठरत नाहीं, तसेंच हें. कुजका भाग, बुरशी व दुसऱ्या किड्यांच्या अळ्या खाण्यासही हा किडा फुटक्या शेंगेंत शिरतो. म्हणून शेंगेचा पंचनामा करावा.

शेंगेच्या सालीवरचा मऊ भाग खरवडून शिरांची जाळी उघडी पडली असेल, आणि भोवतीं मातीचा लेप असेल, तर काम वाळवीचें. मुळेंही कुरतडलेलीं असून वेल सुकत असेल तर हुमणीचा शोध घ्यावा. कोंवळ्या शेंगा कुरतडलेल्या असून जवळ अंगाची गुंडाळी करून पडणारा बहुपायी किडा असेल तर तो वाणी होय. चिमटेकिड्याची खूण अशी : कोंवळ्या शेंगेस भोंक, आंतला दाणा नाहींसा, आणि भोंकाच्या तोंडाशीं विष्ठा, वाळूचे कण व चघळलेला गर यांचें बूच. असें बूच असलेल्या शेंगा जर पुष्कळ निघाल्या, आणि त्यांत जिवंत झांपडवाले किडे मिळाले, तरच आरोप ठेवावा.

यावरही मन निःशंक होत नसेल तर घरीं करण्याजोगी एक परीक्षा आहे. रुंद तोंडाच्या दोन बरण्या घ्याव्या. दोहोंत चार बोटें ओलसर माती भरावी. एकींत न किडलेल्या कोंवळ्या शेंगा घालाव्या; दुसरींत तशाच शेंगा घालून त्यांसोबत मक्यावरच्या लहान अळ्या सोडाव्या. प्रत्येक बरणींत चार-पांच प्रौढ किडे ठेवून तोंडास फडकें बांधावें व बरण्या अंधारांत ठेवाव्या. पांच-सहा दिवसांनीं मोजदाद करावी. पहिल्या बरणींत शेंगा फुटल्या असून दुसरींत अळ्या नाहींशा व शेंगा शाबूत असतील, तर त्या किड्यास मांस अधिक प्रिय, हें कळेल. दोन्ही बरण्यांत शेंगा फुटल्या तर मात्र तो तुमच्या भुईमुगाचा वैरी खरा. या परीक्षेस भिंगाइतकाही खर्च नाहीं, आणि तिचा निकाल तुमच्याच शेताचा असतो.

बाटली, स्पिरिट व चिठ्ठी

किडा तज्ज्ञाकडे पाठवावयाचा असल्यास तो कागदांत गुंडाळून किंवा वाळवून पाठवूं नये. तो मोडतो व खुणा नाहींशा होतात. लहान कांचेच्या बाटलींत शंभर भागांत सत्तर भाग मद्यार्क असलेलें स्पिरिट घालून त्यांत किडे ठेवावे. नर व मादी दोन्ही असावे, कारण कित्येक जातींचा निर्णय केवळ नरावरून होतो. भुईमुगांतले व मक्यांतले किडे एका बाटलींत कदापि मिसळूं नयेत. बाटलींतच शिसपेन्सिलीनें लिहिलेली चिठ्ठी घालावी. शाईचीं अक्षरें स्पिरिटांत विरघळतात. चिठ्ठींत गांव व तालुका, तारीख, पीक व त्याचें वय, जमीन हलकी कीं भारी, किडा झाडाच्या कोणत्या भागीं मिळाला, आणि त्या वेळीं तो काय खात होता, हें लिहावें. अशी बाटली जवळच्या कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा कृषि विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे न्यावी. चिठ्ठीवांचून आलेला किडा म्हणजे नांवगांव नसलेलें पत्र. त्याचें उत्तर कोणी काय द्यावें?

उपाययोजना

निर्णय झाल्यावर उपाय सोपे आहेत. चिमटेकिड्याची मादी जमिनींत लहानशी पोकळी करून तींत अंडीं घालते, व तीं उबेपर्यंत त्यांजवळ बसून राहते. ॲन्युलिपीस जातीची मादी एका वेळीं सरासरी पन्नासाच्या आंतबाहेर अंडीं घालते व तीं साधारणतः ६ ते १७ दिवसांत उबतात. ती अंडीं चाटून स्वच्छ ठेवते, त्यामुळें त्यांवर बुरशी धरत नाहीं. आई दूर झाली कीं अंडीं नासतात. कीटकांत असें मातृप्रेम क्वचितच दिसतें. परंतु जेथें हा किडा वैरी ठरला आहे तेथें हेंच त्याचें मर्म होय : खोल नांगरट करून ढेंकळें उन्हांत तापूं दिलीं कीं घरटीं उघडीं पडतात, आई पळते किंवा पांखरें तिला टिपतात, आणि अंडीं आपोआप नष्ट होतात.

त्याच शेतांत लागोपाठ भुईमूग घेऊं नये. न कुजलेलें शेणखत व मागील पिकाचा पाला मुळांशीं सांचूं देऊं नये, कारण तेंच यांचें आश्रयस्थान. शेंग तयार झाल्यावर काढणी लांबवूं नये. पीक उभें असतां संध्याकाळीं ओल्या गोणपाटाच्या गुंडाळ्या ओळींत जागजागीं ठेवाव्या; रात्रभर हिंडून किडे पहांटे त्यांत दडतात. सकाळीं गुंडाळ्या बादलीवर झटकाव्या. शेंगा पोंखरणारे ठरले असतील तर बादलींत साबणाचें पाणी असावें. अळ्या खाणारे ठरले असतील तर बादली कोरडी असावी, आणि ती उचलून मक्याच्या शेतांत उपडी करावी !

जमिनींत सरसकट विषारी औषध मिसळण्याचा मार्ग सर्वांत शेवटचा समजावा, व तो तज्ज्ञाच्या लेखी सल्ल्यावांचून पत्करूं नये. विषास जात ओळखतां येत नाहीं. झांपडवाला मरतो, तसा त्याच मातींतला नदीकांठचा मोठा चिमटेकिडाही मरतो. आणि पुढल्या हंगामांत पानें खाणाऱ्या अळ्यांस आवरणारा कोणी उरत नाहीं.

असो. येत्या हंगामांत वेल उपटतांना चिमटा दिसला म्हणजे पायाखालीं चिरडण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, पावलाचा मधला मणी पाहावा, पाठीवरचीं झांपडें पाहावीं, शेंगेच्या तोंडचें बूच पाहावें, आणि मग निवाडा करावा. शेतावरच्या गड्यास चोरीचा आळ घालून काढून टाकण्याआधीं आपण जेवढी चौकशी करतों, तेवढीच चौकशी या मुक्या गड्याच्या वांट्यास यावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.